आधीचा हात

चहाचा कप तो कधी मशीनच्या टेबलावर ठेवायचा नाही. खिडकीत ठेवायचा आणि विसरायचा.

मशीनची पॅडं दाढीच्या ब्रशने झाडायचा. दाढी मात्र दहा-दहा दिवस करायचा नाही.

कुणाच्याही घरी गेला की दाराची चौकट, पिठाचा डबा, गॅसची टाकी बोटाने वाजवून बघायचा. माणसांशी नंतर बोलायचा.

ताल जिभेने मोजायचा, तोंड बंद ठेवून. फक्त गाल हलायचा.

चालताना मला कायम त्याच्या उजव्या बाजूला घ्यायचा. मला वाटायचं, ही त्याची रीत असेल.

बोलताना डोळ्यांत बघायचा. गेल्या सप्टेंबरपासून ओठांकडे बघायला लागला. ते माझ्या लक्षात जानेवारीत आलं.

बेसिल मरोळ गावठाणातला, छत्तीस वर्षांचा. पंधरा वर्षं त्याने बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवला. हळदी, गणपती, साखरपुडे. टेम्पोवर स्पीकरची भिंत आणि तिच्यापुढे हातभर अंतरावर तो. डावा कान तिथेच गेला, हळूहळू. त्याने घरी सांगितलं नाही.

माझी ओळख झाली ती त्याच्या आईमुळे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी गावठाणातल्या लग्नाच्या गाण्यांवर प्रकल्प घेतला होता. मार्सेलिना आंटी गाणी सांगायच्या, मी वहीत उतरवून घ्यायचे. बेसिल आतून आला, वही चाळली आणि म्हणाला, "शब्द लिहिलेस, अक्षता. आवाज कोण लिहिणार?"

त्याच्या खोलीत एक जुना सॅम्पलर होता. सोळा रबरी पॅडं, काडेपेटीएवढा पडदा. कुठलाही आवाज त्यात भरायचा. पॅडवर बोट मारलं की तोच आवाज निघतो. बेसिल त्याला नुसतं मशीन म्हणायचा. रविवारी दुपारी हर्षद आणि मिहिर यायचे. हर्षद त्याच्या बेंजो पार्टीतला. मिहिर अंधेरीत जाहिरातींचं संगीत करायचा, सगळं लॅपटॉपवर. दर रविवारी भांडण तेच.

"म्युझियममध्ये दे रे हे," मिहिर म्हणायचा. "माझ्या लॅपटॉपमध्ये चार हजार ड्रम आहेत."

"वाजवतोस किती?"

"दोन," हर्षद म्हणायचा. "दोन्ही ढोल."

"तू गप. बेसिल, तुझ्या डब्यात मिनिटभर आवाज मावतो. एक नवीन भरला की एक जुना पुसायचा. एवढं करून काय?"

"म्हणून विचार करून भरतो," बेसिल म्हणायचा. "तू स्क्रीन बघून वाजवतोस. रेघा जुळल्या की तुझं गाणं झालं. मी डोळे मिटतो."

"तुझं ऐकताना आमचेही मिटतात."

बेसिल हसायचा आणि पॅडवर चार ठोके मारायचा. मी कोपऱ्यात फुगे, मैद्याचे तळलेले गोळे, खात बसायचे. मार्सेलिना आंटी रविवारचे तळून ठेवायच्या.

बेसिलची धाकटी बहीण डेल्फिन, तिचं लग्न येत्या जानेवारीचं ठरलं. गावठाणात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी असतं. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, घागरी भरून आणतात, त्या पाण्याने नवरीची अंघोळ होते. पुढे घुमट वाजतो. घुमट म्हणजे मातीचं मडकं. एका तोंडावर घोरपडीचं कातडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं, त्यावर डावा हात उघडझाप करतो. घोरपड मारायला आता कायद्याने बंदी आहे. नवा घुमट बकऱ्याच्या कातड्याचा होतो.

"तो मग बकऱ्यासारखाच वाजतो," पास्कू काका म्हणायचे.

घुमट वाजवणारे गावठाणात तेच उरले होते. वय एक्क्याऐंशी. मार्सेलिना आंटींच्या लग्नातही त्यांनीच वाजवला होता. आता विहिरीपर्यंत चालणं त्यांना जमणार नव्हतं. बेसिलने ठरवलं, त्यांचा एकेक ठोका मशीनमध्ये भरायचा. डेल्फिनच्या लग्नात तो स्वतः वाजवेल. पुढच्या लग्नांतही.

ऑगस्टमध्ये तीन दुपारी काका त्याच्या खोलीत आले. पंखा बंद, खिडक्या बंद. घामाने सगळे ओले. मी दाराशी उभी, कुणी बेल वाजवू नये म्हणून.

"मना हे खोकं काय समजत नाय," काका म्हणाले. "पन हात बघ. हात आधी फिरतं, मग परतं."

खरंच, प्रत्येक ठोक्याआधी त्यांचा तळहात कातड्यावरून घासत जायचा. कोरडा, हलका आवाज. मग ठोका. बेसिलने डोळे मिटले होते. "आला, काका, तोही आला," तो म्हणाला. सोळा पॅडांवर सोळा ठोके भरले.

सप्टेंबरमध्ये, विसर्जनाच्या आठवड्यात, एका सकाळी त्याचा उजवा कान बसला. पाण्याखाली असल्यासारखं वाटतं, म्हणाला. हर्षद म्हणाला, सर्दी असेल. बेसिलने सगळ्या मिरवणुका वाजवल्या आणि बाराव्या दिवशी डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी विचारलं, पहिल्याच दिवशी का आला नाहीत? असा कान अचानक गेला तर पहिले काही दिवसच हातात असतात. हे मला फार नंतर कळलं. आम्हाला त्याने सांगितलं, सर्दीच होती.

नोव्हेंबरमध्ये पास्कू काका गेले. त्यांचा घुमट मुलाने बेसिलला आणून दिला. माळ्यावरून काढताना कातडं चिरलं होतं.

डिसेंबरमध्ये बेसिलने ठोके कापले. त्याला कारण होतं. बोट पडलं की त्याच क्षणी आवाज निघायला हवा. आवाजाच्या आधी रिकामी जागा राहिली तर ठोका मागे पडतो. मशीनवर वाजवणारा प्रत्येक जण ही जागा कापतो. एरवी तो हे ऐकून करायचा. आता त्याने पडद्यावर बघून केलं. ठोक्याचा मोठा डोंगर, आणि त्याच्या आधी बारीक, जवळजवळ सपाट रेघ. त्याला वाटलं, खोलीची खरखर. त्याने सोळाही ठोके डोंगराच्या पायथ्याशी कापले. जुन्यांवरच साठवले, कारण दुसरी जागा मशीनमध्ये नव्हती.

त्या रविवारी मी तिथेच होते. त्याने एक पॅड वाजवून विचारलं, "कसा आहे?"

"छान," मी म्हणाले. मी फोन बघत होते.

उंबराच्या पाण्याच्या संध्याकाळी बेसिल मशीन गळ्यात अडकवून निघाला. स्पीकर हर्षदच्या हातगाडीवर. मागे लुगडी नेसलेल्या नऊ बायका, कमरेवर घागरी. पहिलं गाणं सुरू झालं. बेसिलने वाजवायला घेतलं. ठोके मोठे, स्वच्छ, वेळेवर.

बायका अडखळल्या. एकीचा पाय पुढे, दुसरीचा हवेत. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाणंच तुटलं.

"बेसिल, पाय कवा उचलू?" मार्सेलिना आंटी मागून म्हणाल्या.

त्याला ऐकू आलं नाही. तो वाजवत राहिला. मग त्याने मागे वळून बघितलं. सगळ्या थांबल्या होत्या. तो त्यांच्या पायांकडे बघत राहिला, आणि मी त्याच्याकडे. तेव्हा मला कळलं. तो ओठ वाचत होता, आणि आता कुणी बोलत नव्हतं.

हर्षदने मोबाइल स्पीकरला लावला. सिनेमाच्या गाण्यावर बायका विहिरीला जाऊन आल्या. डेल्फिनने बेसिलला फुगा भरवला आणि ती आत गेली.

लग्न पार पडल्यावर त्याने मला विचारलं, "कमी काय होतं?" आवाज मोठा, स्वतःचा अंदाज सुटलेल्या माणसाचा.

आंटींनी मला सांगितलं होतं. बायका घासण्यावर पाय उचलतात आणि ठोक्यावर टेकवतात. मी फोनवर लिहून दाखवलं: आधीचा हात नाही.

त्याने दोनदा वाचलं. मग मशीन चालू केलं आणि एकेका ठोक्याची सुरुवात मागे न्यायला बटण डावीकडे फिरवलं. ते फिरत नव्हतं. मागे काही नव्हतं. त्याने सोळाही पॅडं बघितली.

मिहिर म्हणाला, मी बनवून देतो. बकऱ्याच्या कातड्यावर स्वतःचा हात घासून त्याने आवाज आणला. मार्सेलिना आंटींनी ऐकला, तिथल्या तिथे एक पाय उचलला आणि खाली ठेवला. "ह्या पास्कूचा हात नाय," म्हणाल्या. मिहिरने लॅपटॉप मिटला.

मग बेसिलने लग्नांचे व्हिडिओ गोळा केले. गावठाणातले, वसईचे, मनोरीचे. कुठे तरी काकांचा एक हात मोकळा सापडेल, वर दुसरा आवाज नसलेला. एक सापडला तरी सोळा ठोक्यांना जोडता येईल. तो पडद्यावर काकांचा तळहात शोधायचा, थांबवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी ऐकायचे आणि मान हलवायचे. कधी वर बेंजो, कधी फटाके, कधी कुणी हसतंय. तो वहीत व्हिडिओचं नाव आणि वेळ लिहायचा; पुढे मी लिहायचे, नाही. महिनाभर रोज दुपारी. बावन्न व्हिडिओ झाले.

त्रेपन्नाव्यात तो ताठ बसला. काकांचा हात जवळून दिसत होता, अगदी स्पष्ट.

"हा?"

हाताच्या आवाजावर बाळाचं रडणं होतं. मी हो म्हणाले आणि वहीतही तेच लिहिलं.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "खोटं बोलताना तुझा खालचा ओठ आत जातो," तो म्हणाला. "सहा महिने ओठच बघतोय ना गं."

मी रडले. त्याने मला पाणी दिलं. मग म्हणाला, "तू हो म्हणालीस काय आणि नाही म्हणालीस काय. मला काय कळणार?"

मार्चपासून तो एमआयडीसीत एका कारखान्यात खोकी भरतो. तिथल्या यंत्रांजवळ सगळे कानात बोळे घालतात, तो घालत नाही. मशीन त्याने माझ्याकडे आणून ठेवलं, टॉवेलमध्ये गुंडाळून, वरती वही. हर्षदकडे दुसरा माणूस ऑक्टोपॅड वाजवतो. आम्ही भेटतो. तो अजून मला उजवीकडे घेतो, आता त्याचा उपयोग नाही तरी. काही वाजवून बघत नाही.

मी कधी तरी मशीन चालू करते. सोळा ठोके निघतात, स्वच्छ, वेळेवर.

वहीत त्रेपन्न नोंदी आहेत. शेवटच्या नोंदीपुढचं माझं हो त्याने खोडलंय आणि स्वतःच्या हाताने नाही लिहिलंय. खाली चौपन्न हा आकडा आहे. त्यापुढे अजून न बघितलेल्या व्हिडिओचं नाव: यव्होनचं लग्न, मनोरी, भाग दुसरा. त्यापुढे वेळेसाठी जागा सोडली आहे.