पाया पडायचं नाही

आमच्या इमारतीतल्या वकीलबाईंना लिफ्टमध्ये कुणाची चुगली सांगितली की त्या विचारतात, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" म्हणून त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नाही.

माझ्याकडे काम करणाऱ्या सुमनच्या पंधरा वर्षांच्या मुलीवर केबिन रोडच्या दुकानातून मोबाइल चोरल्याचा आळ आला. बाल न्याय मंडळात तिला मोफत वकील म्हणून याच बाई मिळाल्या. मी सोबत गेले.

बाहेर सुमन लेकीला बजावत होती, "पाया पड, चुकलं म्हण. सोडतील."

"चुकलंय का तुझं?" वकीलबाईंनी मुलीला विचारलं.

"मी घेतलाच नाही."

"मग तेवढंच सांग. पाया पडायचं नाही."

आत पहिला प्रश्न आला तशी सुमनच हात जोडून उठली. वकीलबाईंनी पदर ओढून तिला खाली बसवलं. मग मुलगी बोलली. हे मी दारातून स्वतः पाहिलं.