राणीपुढचे पाळणे

मला ऐन तिशीत स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा सासूबाईंनी ताबडतोब त्याचं बारसं केलं: थायरॉइड. विजयनगरच्या आमच्या गल्लीत थायरॉइडला मान होता, घरोघरी एक असायचाच. एक बाजू काढली, केस गेले, तरी थायरॉइडच. लोकही इतके समजूतदार, की कोणी चकार शब्द काढला नाही.

डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, या चालू असताना मूल नको. दोनेक वर्षांनी गोळ्या थांबवून बघू. मला मूल हवं होतं, आणि ते वाढवायला जिवंतही राहायचं होतं. माझ्या हावरटपणाला सीमाच नव्हती.

दसऱ्याला आमच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सगळ्यांत वर राजाराणीची लाकडी जोडी. नजरबादच्या आतेसासूबाई हळदीकुंकवाला आल्या, की राणीपुढे एक इवलासा पाळणा ठेवायच्या.

"अय्यो, सुम्ने, उगीच उशीर कशाला करते गं? धने भिजवून त्याचं पाणी पी. थायरॉइड बेगा जाईल, बघता बघता."

दर दसऱ्याला नवा पाळणा. राणीला पाय ठेवायला जागा उरली नाही. मी हसून त्यांना पानसुपारी द्यायची आणि आत जाऊन रडायची.

शेवटी डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. मग प्रत्येक तपासणीला जीव मुठीत धरून बसायचं. दिवस राहिले, मुलगी झाली. श्रेय अर्थातच धन्याच्या पाण्याला गेलं.

त्या दसऱ्याला घर बायकांनी भरलं होतं. पोर रडायला लागली, म्हणून मी कोपऱ्यात बसून तिला पदराखाली घेतलं. आतेसासूबाईंचं लक्ष होतंच.

"कवापासून एकाच बाजूला पाजते! दुसरीकडे घे की. पापा, बिचाऱ्या पोरीला पुरायचं कसं?"

थायरॉइडनं असंही होतं, असं काहीतरी मी जुळवायला लागले. सासूबाईंनी हातातलं कुंकवाचं तबक खाली ठेवलं.

"दुसरीकडे काय नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "क्यान्सर झालता, काढून टाकलं. थायरॉइड म्हणून मीच सांगितलं. आता सोमवारपासून गोळ्या परत चालू, त्यात पाजता येत नाही, म्हणजे ही बाजू पण बंद. तवर पिऊ दे तिला पोटभर."