खोकेवाले भावजी

पिंपरीपासून चाकणपर्यंत जे जे वाकडं, टोकेरी आणि नाजूक जन्माला येतं, त्या सगळ्याचा या जगात एकच कैवारी आहे: माझ्या मावसबहिणीचा नवरा. पुठ्ठ्याचे खोके बनवणं हा त्यांचा धंदा, पण चौकोनी वस्तूंशी त्यांचं जमत नाही. "चौकोनाला काय, कुनीबी खोका घालतंय," म्हणून ते फ्रीजबिजकडे ढुंकूनही बघत नाहीत. महाळुंग्यातल्या त्यांच्या शेडमध्ये मान हवा असेल तर वस्तूच्या अंगाला चार फाटे हवेत. गाडीचा सायलेन्सर चालेल, बैलगाड्याच्या शर्यतीत जिंकलेली गदा तर फारच उत्तम.

आता खरी गंमत सांगते. हे गृहस्थ आधी मला बघायला आले होते. मी बी.ए. झालेली, नाकावर माशी बसू न देणारी. चहा घेऊन बाहेर आले, तर निघोज्याचा हा नवरामुलगा मला सोडून किटलीकडे बघत बसलेला. "तोटी लई नाजूक हाय," एवढंच बोलला. मी आत जाऊन आईला म्हटलं, "पुठ्ठेवाल्याशी लग्न करू? एका पावसात संसार भिजेल." हे वाक्य मला इतकं आवडलं, की महिनाभर मैत्रिणींना ऐकवत हिंडले. मग मी कंपनीच्या टूलरूममधला मुलगा पसंत केला, मावसबहिणीने हे स्थळ आनंदाने उचललं, आणि तेव्हापासून भावजी मला "ताई" म्हणतात.

कोणतीही वस्तू हाती आली की भावजी ती वैद्यासारखी अंगठ्याने दाबत जातात. माझा पाय मोडला तेव्हा भेटायला आले, प्लास्टरभोवती एक चक्कर मारली आणि डॉक्टरांदेखत म्हणाले, "काम चांगलं हाय, पर घोट्यापाशी जरा फट ठिवायची व्हती."

आमच्या ह्यांनी मुलासाठी एक लाकडी घोडा केला होता. लोखंड केसभरही चुकू न देणारा माणूस, पण लाकूड काही ऐकेना; अंगाने घोडा, तोंडाने गाढव, डावा कान बाहेर झुकलेला. हे जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी मुलाचा जर्मनीहून फोन आला, "आई, पोरीसाठी बाबांचा घोडा पाठव ना." मी टीव्हीच्या खोक्यात तो चार जुन्या साड्यांत कोंबला. भावजींनी बघितलं. "ताई, ह्यो खोका न्हाई, गाठोडं हाय. आवळलं का मोडतंय. बळ हाय तिथं धरायचं, दुखतंय तिथं मोकळं सोडायचं."

घोड्याचं दुखणं मानेत होतं. एकदा निखळली तेव्हा ह्यांनी बसवली होती. आता निखळली तर बसवणारं कोण?

भावजी घोडा घेऊन गेले. पंधरा दिवस फोन केला की उत्तर एकच, "मान कशी टाकतोय ते बघतोय." शेवटी शेडमध्ये बोलावलं. बंद खोका कमरेपर्यंत उचलला आणि माझ्यादेखत फरशीवर सोडून दिला. मी खोक्याकडे झेपावले.

"भावजी, तुम्हाला काही..."

"इमानतळावर ह्येच करत्यात, ताई. मोडायचा आसंल तर हितं मोडू द्या. हितं मी हाय."

खोका उघडला. मान जागेवर होती. मी तिच्यावरून दोनदा हात फिरवला तेव्हा कुठे त्यांनी चिकटपट्टी लावली.

घोडा पोचला. नात त्याला "आबा" म्हणते. मुलाने काय सांगितलंय कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात भावजी दुसराच एक खोका घेऊन दारात उभे. पहिल्या खेपेला केलेला. मानेला घासत होता म्हणून बाद झालेला. "टाकून द्यायचा व्हता, पर हात व्हईना," म्हणाले आणि चहा न घेताच गेले. मी झाकण उघडलं. आत पुठ्ठ्याचे थर कापून घोड्याएवढी पोकळी केलेली होती. पाठ, पोट, मान, आणि बाहेर झुकलेला डावा कानसुद्धा.

तो खोका माझ्या खाटेशेजारी असतो. परवा कामवाली त्यात रद्दी भरायला निघाली.

"नको गं," मी म्हटलं, "त्यात जागा नाही."