ड्रायर वाजेपर्यंत होडी तुमची

“अहो भावोजी, बैल हवेत उभा राहिला म्हणून खेळ वाईट ठरतो होय? तुमच्या शर्यतीत गाडी कठड्यावर आपटून कोलांट्या खाते आणि आतला माणूस भांग पाडून बाहेर येतो. ते बरं चालतं!”

“वहिनी, तुमचा बैल नुसता उभा नाही राहिला. होडीतून उडाला, ढगात गेला आणि तिथं चरायला लागला!”

“मग काय करील? होडीत गवत नव्हतं.”

लाँड्रीच्या मागच्या खोलीत हशा पिकला. ही खोली म्हणजे ड्रायरची पाठ, साबणाचे पिंप आणि मळक्या कपड्यांची गाठोडी. गाठोड्यांवर बसायचं, पिंपांच्या वरच्या फळीवर टीव्ही, आणि टीव्हीखाली चौघांनी मिळून घेतलेलं खेळांचं यंत्र. ते इथंच का, तर खोली उबदार असते आणि लाँड्रीवाल्या वहिनींपुढं दुसऱ्या कुणाचा आवाज चढत नाही. धुलाईच्या यंत्रांच्या घरघरीवर मात करून करून बाईंचा गळाच तसा झालेला. पाठीमागं गल्ली त्यांना भोंगा म्हणते. तोंडावर सगळ्यांच्याच त्या वहिनी.

खरा दीर एकच, हे भावोजी. ते लोकांना मोटार चालवायला शिकवतात. दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पाय जादाच्या ब्रेकवर ठेवायचा आणि जीव मुठीत धरायचा. त्यामुळं संध्याकाळी त्यांना ब्रेक नसलेला खेळ लागतो. उरलेले दोघं म्हणजे समोरच्या औषधांच्या दुकानातली मेडिकलवाली आणि लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला.

वर्ष सरत आलं की यंत्राचं पोट भरतं आणि नवा खेळ मावत नाही. मग ही बैठक. वर्षातला चांगला खेळ ठरवायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. वाईट ठरवायचा, तो मुळासकट उपटायचा. त्यात ज्यानं जो काही प्रवास केला असेल तोही पुसायचा. त्यामुळं इथं वाद घालताना कुणी हातचं राखत नाही.

चांगल्याचा निकाल लगेच लागला. मेडिकलवालीचा हॉटेलाचा खेळ. चौघांनी मिळून एकाच स्वयंपाकघरात रांधायचं, आणि दर खेपेला लिफ्टवाला सूप घेऊन पाय घसरून पडायचा.

“त्या खेळापायी मी तुम्हाला तोंडाला येईल ते बोलले,” मेडिकलवाली म्हणाली, “आणि सकाळी परत आले. ह्याहून चांगला खेळ कुठला?”

सगळ्यांनी हात वर केले. वाईट म्हणून मात्र भावोजींनी वहिनींच्या होडीच्या खेळावर बोट ठेवलं.

होडीच्या खेळात काय, तर नदीनं माल न्यायचा. ह्या धक्क्यावर मडकी चढवायची, त्या धक्क्यावर उतरवायची, जनावरं घ्यायची, माणसं घ्यायची. वल्हं जड, होडी गोगलगायीची बहीण. कितीतरी महिने खपून वहिनी शेवटच्या धक्क्याला पोहोचल्या होत्या. पुढं नुसतं पाणी, समुद्रासारखं, आणि त्यापलीकडं काठ. तिथं काय आहे हे वहिनींनी कुणाला सांगू दिलं नव्हतं. मेडिकलवालीनं मोबाइलवर शोधायचं म्हटलं तर त्यांनी मोबाइलच पिंपावर पालथा घातला होता. सुट्टीच्या दिवशी लाँड्रीचं शटर पाडून निवांत पलीकडं जायचं, असं ठरवून त्या थांबल्या होत्या. होडी धक्क्याला लागली तरच खेळ तेवढा प्रवास लक्षात ठेवतो. मध्येच बंद केला तर मागच्या धक्क्यावरून परत सुरू. आणि बुडाली तर थेट पहिल्या धक्क्यापासून.

“न खेळता नावं ठेवायची नाहीत,” लिफ्टवाल्यानं बैठकीचा कायदा काढला. “भावोजी, आता ड्रायर पुन्हा लावायचाच आहे. तो वाजेपर्यंत तुम्ही खेळायचं. आधी उठलात तर शर्यतीचा खेळ गेला. वाजल्या वाजल्या रिमोट खाली ठेवलात, तर होडीचा गेला. वाजल्यावरही सुटला नाही, तर होडी राहिली.”

“आणि खेळायचं वहिनींच्याच होडीतून,” मेडिकलवाली म्हणाली. “सुरुवातीला सगळेच खेळ गोड लागतात.”

“माझ्या होडीतून?” वहिनी उभ्याच राहिल्या. “हे बुडवतील!”

“आणि खेळवालीनं तोंड उघडायचं नाही. बोललात की गेला.”

वहिनींनी एकदा तिघांकडं पाहिलं, टॉवेलांचा ढीग ड्रायरमध्ये कोंबला, बटण दाबलं, आणि रिमोट दिरापुढं धरला. “ड्रायर वाजेपर्यंत होडी तुमची,” एवढं म्हणून त्यांनी उशीचा एक अभ्रा उचलला आणि त्याचं टोक दातात धरलं.

भावोजींनी होडी हाणली ती शर्यतीतल्या गाडीसारखी. होडी गर्रकन फिरली. मडकी ह्या कडेवरून त्या कडेला गेली, एक म्हातारी प्रवासी किंचाळली, आणि वर ढगात बैल शांतपणे रवंथ करत होडीबरोबर निघाला.

“बघा, आला पाहुणा!” भावोजी म्हणाले.

वहिनींचा चेहरा लालबुंद. अर्धा अभ्रा तोंडात गेला होता.

“वहिनी, गिळाल हो,” मेडिकलवाली पुटपुटली.

पाणी रुंद होत गेलं. आडवी लाट आली, होडीत पाणी शिरलं. मडकी तरंगायला लागली. भावोजींची टिवल्याबावल्या करणारी जीभ थांबली. त्यांनी पाठ ताठ केली.

“हळू... कडेनं घे... दाबू नकोस एकदम. समोर बघ, समोर.” दिवसभर शिकणाऱ्यांना सांगतात तेच ते आता स्वतःला सांगत होते. उजवा पाय साबणाच्या डब्यावर जाऊन बसला होता आणि लाट आली की डबा करकचून दाबत होता. लिफ्टवाल्यानं मेडिकलवालीला कोपरानं ढोसलं. वहिनी खिडकीच्या गजाला धरून लाटेबरोबर डुलत होत्या. दिसत होतं, दोघंही एकाच होडीत बसलेत.

ड्रायर केकाटला.

कुणी हललं नाही. ड्रायर पुन्हा केकाटला.

“भावोजी, वाजला.”

“अरे थांब! भर पाण्यात सोडू का? माणसं आहेत होडीत!”

“राहिला! खेळ राहिला!” मेडिकलवालीनं टाळ्या पिटल्या. वहिनींनी अभ्रा बाहेर ओढला आणि जी आरोळी ठोकली, ती ऐकून पुढच्या गल्ल्यावरून त्यांचा नवरा ओरडला, “काही जळलं का गं?”

आनंदाच्या भरात वहिनींनी टीव्हीकडं पाहिलं, आणि त्यांचं हसू जागीच थिजलं. धुक्यात एक काळी रेघ दिसत होती. काठ.

“भावोजी, द्या इकडं.”

“एकच मिनिट.”

“अहो, होडी माझी आहे!”

“आलोच, आलोच, लागतोय काठाला.”

वहिनींनी रिमोट हिसकायला हात घातला, भावोजींनी तो डोक्यावर धरला, पण अंगठा काही थांबेना. होडी सरकतच होती. रेघेची झाडं व्हायला लागली. वहिनींनी डोळे गच्च मिटले, चाचपडत भिंतीशी गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

टीव्ही गेला. दिवे गेले. पुढची यंत्रं घरघरता घरघरता गप्प झाली.

भावोजींचे हात अजून वरच होते. “वहिनी! झाडं दिसली! अहो, झाडाखाली कुणीतरी उभं...”

“चूप!” खिडकीची काच थरथरली. “पुढं एक अक्षर काढलंत तर ताट वाढणार नाही. होडी माझी शेवटच्या धक्क्याला बांधलेली आहे. काठ मी बघणार, माझ्या हातानं.”

काळोखात लिफ्टवाला खुसखुसला. “मग यंदाचा वाईट कुठला?”

भावोजींनी हात खाली घेऊन रिमोट पिंपावर ठेवला. “शर्यतीचा काढा,” ते म्हणाले. “नाहीतरी गोल गोलच फिरवतो तो. पण वहिनी, तुमचं झालं की मला एकदा जाऊ द्या.”

“माझं झाल्यावर. आणि सुट्टीला बघायला आलात तर हा अभ्रा तुमच्या तोंडात.”

नवरा दारात आला. “लाइट कुणी घालवली? दवाखान्याच्या चादरी साबणातच अडकल्यात, यंत्राचं दार उघडेना.”

वहिनींनी स्विच वर केला. यंत्रं पहिल्यापासून भरावी लागली, चादरी पुन्हा खळबळाव्या लागल्या. तोवर ड्रायरमधले टॉवेल निघाले, कालच्या कोरड्या चादरी घडीला आल्या. भावोजी पाय न वाजवता दाराकडं निघाले होते.

“कुठं चाललात? ते टोक धरा,” वहिनी म्हणाल्या. “ताणा. एकदम नाही, हळू.”