धुळ्याची वायर कोण काढतं?

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. लोकांच्या घरात शिरायचा धंदा असला की ते आपोआप अंगाला चिकटून येतात, आणि चार मित्र जमून चहा आला की एकामागून एक निघत राहतात. माझ्या आणि युनूसच्या किश्श्यांत एक गोष्ट मात्र कायम असते. प्रत्येकात कोणी ना कोणी कोणावर तरी संशय घेतोय. बहुतेक वेळा आमच्यावरच.

जळगावात आमचं दोघांचं छोटं दुकान आहे. घरोघरी वायफाय बसवतो, आणि हल्ली नवीन खूळ म्हणजे डबा. लग्नाचे, बारशाचे, जुन्या कॅसेटवरून उतरवलेले सगळे व्हिडिओ एका डब्यात साठवायचे, तो डबा राउटरला जोडायचा आणि घरातल्या टीव्हीवर पाहायचे. इंटरनेट बंद असलं तरी चालतं. फक्त चालता चालता अडकतं, पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं आणि आम्हाला फोन येतो. युनूस आधी वायर तपासतो, मी आधी माणसं तपासतो. तो भोळा आहे, मी नाही.

*

पहिला किस्सा एका शेठचा. जळगावात सोन्याचं दुकान. "तुमचा डबा फसवा निघाला, व्हिडिओ पुढेच सरकत नाही," असा फोन आला.

गेलो, तर टीव्हीजवळ ना डबा ना राउटर. शेठनी कमरेची किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. आत दोन्ही एकमेकांना चिकटून बसलेले, हात लावला तर चटका बसावा इतके तापलेले.

"शेठ, लोखंडातून वायफाय बाहेर कसं येणार?" युनूसनं विचारलं.

"आणि बाहेर ठेवलं तर चोर आत कसा येतो, ते मला माहीत आहे," शेठ म्हणाले.

डब्यात नातवाच्या जावळाचा व्हिडिओ होता. तो कोण चोरणार, हे काही त्यांनी सांगितलं नाही. शेवटी अर्धा तास समजूत काढून डबा आणि राउटर टीव्हीच्या वर ठेवले. व्हिडिओ सुसाट. पुढच्या आठवड्यात सहज डोकावलो, तर डबा जागेवर होता, पण टीव्ही बंद. "लावा की शेठ," म्हटलं, तर त्यांनी पुन्हा कमरेची किल्ली काढली. आता कपाटात रिमोट होता.

*

मग धुळ्याचं घर. हे मधेच सांगून ठेवतो, कारण ते एका खेपेत संपलं नाही.

सुनील सर तिथे शाळेत शिकवतात. घरात त्यांचे वडील आबा आणि बायको वैशाली. सुनील सर म्हणाले, "मोठ्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे. आई गेल्यापासून आबा रोज दुपारी तोच लावून बसतात. आईला कॅमेऱ्याचं वावडं होतं हो, कोणी फोटो काढायला लागलं की ती स्वयंपाकघरात. या कॅसेटमध्ये काय दिसते तेवढीच. आणि तो मेला व्हिडिओ रोज एकाच जागी अडकतो. आबा बिचारे बोलत नाहीत, पण मला बघवत नाही."

आबा खाटेवर बसले होते. "जयभीम," म्हणाले आणि आमच्याकडे पाहत राहिले.

व्हिडिओ लावून पाहिला. वंदना झाली, हार घातले, सगळ्या मांडवानं फुलं उधळली आणि पुढच्या क्षणाला चक्र सुरू. गंमत नाही यात. शांत बसलेल्या माणसांचं चित्र हलकं असतं, गर्दी हलली आणि फुलं उडाली की ते जड होतं. राउटर दोन भिंतींपलीकडे, टीव्हीचं वायफाय तेवढं ओढू शकत नव्हतं.

"फाईल थोडी हलकी करून देतो," मी म्हणालो.

"मूळ फाईलला हात लावायचा नाही," सुनील सर ताडकन म्हणाले. "तुम्ही घेऊन जाणार, काय कापाल, कोणाला दाखवाल, मला काय माहीत?"

मला राग आला, पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. मग भिंतीच्या कडेनं राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ वायर टाकली. फुलं पडली, व्हिडिओ न थांबता पुढे गेला. सुनील सर खूश झाले.

"हां, चांगलं शे," आबा म्हणाले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

*

जळगावचाच आणखी एक. तिवारी साहेब, बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या डब्यातले सिनेमे हिवाळ्यात छान चालायचे आणि उन्हाळा लागला की अडकायचे. त्यांचं ठाम मत, आम्ही डब्यात काहीतरी करून ठेवलंय, म्हणजे दर मे महिन्यात आमचा धंदा चालेल.

आम्ही गेलो तर राउटर आणि टीव्हीच्या बरोबर मधे पत्र्याचा मोठा कूलर, पाण्यानं काठोकाठ भरलेला. पत्रा आणि पाणी, दोन्ही वायफायचे वैरी. युनूसनं कूलर हातभर बाजूला ढकलला आणि सिनेमा पळायला लागला.

तिवारी साहेबांनी सिनेमा पाहिला. मग कपाळावरचा घाम पुसला. जळगावचा मे महिना, दुपारची वेळ, आणि हवा आता त्यांच्याऐवजी दाराकडे जात होती.

"आणा तो इकडे," ते म्हणाले. "सिनेमा दिवाळीत पाहू."

*

धुळ्याहून पुन्हा फोन. व्हिडिओ परत फुलांपाशी अडकतोय.

पाहिलं तर वायर टीव्हीतून निघालेली. वायर निघाली की टीव्ही गुपचूप वायफायवर जातो आणि आपलं जुनं रडगाणं सुरू करतो. युनूस म्हणाला, "उंदीर असेल भाऊ."

"उंदीर क्लिप दाबून वायर काढत नाही," मी म्हणालो.

सुनील सरांनी मला गॅलरीत नेलं. हळू आवाजात म्हणाले, "आबांना कळू देऊ नका, पण ही वैशालीच काढते. दुपारी तिच्या मालिका बुडतात ना. व्हिडिओ अडकला की आबा कंटाळून उठतील, असा हिशेब."

मागे वैशालीताई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या नवऱ्याकडे पाठ करून माझ्याशी बोलल्या. "भाऊ, मी त्या वायरला हात लावलेला नाही. पुन्हा माझं नाव निघालं तर मी सरळ भडगावला माझ्या आईकडे निघून जाईन. तुम्ही त्या वायरला टेप लावा. माझ्यासमोर लावा."

युनूसनं टेप लावली. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर संशयही त्यांचाच आला. इतकं रागानं बोलणारं माणूस बहुधा काहीतरी लपवतं, असा माझा अनुभव. खाली उतरताना युनूसला तसं म्हणालो, तर तो पिशवी उचलून एकटाच पुढे स्टँडकडे निघाला.

*

बोदवडचे एक धान्याचे व्यापारी. त्यांची खात्री की शेजारी त्यांचं वायफाय ओढतो, म्हणून व्हिडिओ अडकतो. पासवर्ड बदलायचा होता, पण आमच्यासमोर नाही.

"तिकडे तोंड करा दोघं," ते म्हणाले.

आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. समोर त्यांच्या वडिलांचा काचेच्या फ्रेममधला फोटो. मागून टकटक आवाज येत होते. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं. पण आता टीव्हीत टाकायचाय, आणि नेमका काय ठेवला ते आठवत नाही. तुमच्यापैकी कोणी पाहिला का?"

मी नाही म्हणालो. युनूस खोटं बोलत नाही. "काचेत दिसला," तो म्हणाला आणि त्यानं पासवर्ड सांगितला.

व्यापाऱ्यानं तो टाकला, टीव्ही लागला. मग आमच्याकडे पाहून ते शांतपणे म्हणाले, "मला माहीतच होतं."

*

आणि मग सुनील सरांचा शाळेतून फोन. "टेप निघालीय, वायर बाहेर आहे. सकाळी घरात बरंच झालं. वैशालीनं बॅग भरलीय. तुम्ही जाऊन एकदा काय ते बघा, म्हणजे मला तिला तोंडावर सांगता येईल."

युनूस शिरपूरला एका कामावर होता, म्हणून एकटाच गेलो. दाराशी बॅग होती, चेन लावलेली. वैशालीताई पोळ्या लाटत होत्या. जायचं होतं तरी सासऱ्यांचं जेवण करून ठेवत होत्या. मला पाहून नुसतं लाटण्यानं आत दाखवलं. "बघा. आज वायर मीच परत लावून ठेवलीय, तुमच्यासाठी."

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आबा टीव्हीमागे वाकले होते. त्यांनी क्लिप दाबली, वायर अलगद काढली आणि ती भिंतीशी नीट सरळ ठेवली. आमची टेप खाटेच्या दांड्याला चिकटवून ठेवलेली होती, पुन्हा वापरता यावी म्हणून. मग खाटेवर बसले आणि बशीत चहा ओतला.

वंदना झाली. हार घातले. फुलं उधळली. गर्दीतून एक बाई वळली, कॅमेरा दिसला तसा तिनं पदर तोंडाला लावला आणि हसली. तिथे व्हिडिओ अडकला.

आबा चहा प्यायले. घाई केली नाही. चक्र फिरत होतं आणि ती बाई पदराआडून त्यांच्याकडे पाहत होती. मग चित्र सुटलं आणि ती गर्दीत गेली.

मी दारात आहे हे तेव्हा त्यांना दिसलं.

"आबा," मी म्हणालो, "वायर निघते म्हणून सुनील सर वैशालीताईंना बोलतात. त्या माहेरी निघाल्यात."

"वैशालीले?" ते एकदम उभे राहिले. "माले कोनी सांगं नही. मीच काढस ती." आणि वायर उचलून टीव्हीला परत लावायला लागले. क्लिप बसेना. मी जवळ गेलो, तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पह्यले ती घडीभर थांबे रे भाऊ. तुम्हनी वायर लागनी, तवयपाईन भरकन निंघी जास."

मी त्यांच्या हातातून वायर घेतली. राउटरपर्यंत सगळी काढली, गुंडाळली आणि पिशवीत टाकली. बाहेर आलो तेव्हा वैशालीताई दाराला टेकून उभ्या होत्या. पोळी तव्यावर जळत होती.

सुनील सरांचा फोन वाजला. "काय निघालं? वैशालीच ना?"

"नाही. वायर आमचीच खराब होती. क्लिप धरत नव्हती. काढून नेतोय."

"मग व्हिडिओ पुन्हा अडकेल."

"अडकेल," मी म्हणालो.