पेडल नमलं पाहिजे

आमच्या घरात चमत्कार हा शब्द चालत नाही. माझे वडील वर्धेकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून आले, तेव्हा त्यांच्या पेटीत दोन जोडी कपडे आणि भगवान बुद्धांची एक तसबीर होती. कोणी काहीही सांगितलं तरी आधी तपासायचं आणि मग मानायचं, हे त्यांनी आम्हा भावंडांना त्या तसबिरीसमोर बसवून शिकवलं. म्हणून मी जे लिहितो आहे ते कोणाला पटवून देण्यासाठी नाही. घडलं तसं सांगतो आहे. त्या दिवसांत खरं तर माझी श्रद्धाच पातळ झाली होती. रोज सकाळी वंदना म्हणायचो, पण तोंडाने 'नमो' म्हणताना डोक्यात कोणाच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा आहे याचा हिशेब चाललेला असायचा. आपण हे कोणासाठी म्हणतो, का म्हणतो, असा प्रश्न पडायचा आणि उत्तर न शोधताच मी गॅरेजला निघून जायचो.

गॅरेज पावर हाउस नावाच्या वस्तीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत. परदेशी महागड्या गाड्यांना हात लावणारे भिलाईत मोजके, आणि त्यातला मी एक. हे सांगताना तेव्हा माझी छाती फुगायची, आताही थोडी फुगते, खोटं कशाला बोलू. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद फक्त कान आणि बोटं यांच्या जोरावर दोष काढायचे. मी मात्र मोठा स्कॅनर घेतला होता. गाडीला जोडला की पडद्यावर सगळी कुंडली दिसायची. हळूहळू मी गाडीकडे बघायचं सोडलं आणि पडद्याकडेच बघायला लागलो. डोक्यात हवा गेली होती. आणि ती गेली की ज्याची त्याला कळत नाही, बाकी सगळ्यांना कळते.

अशात डॉक्टर मॅडमनी त्यांची काळी जर्मन गाडी आणली. मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. माझी मुलगी सहा महिन्यांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता, तेव्हा या बाई दोन दिवस तिच्या खाटेपासून हलल्या नव्हत्या. त्यांच्या गाडीचं काम मी जीव ओतून करायचो. त्या म्हणाल्या, "भाऊ, कधी कधी ब्रेकवर पाय ठेवला का दगडावर ठेवल्यासारखा वाटते. कुम्हारीले एक सायकलवाली पोरगी थोडक्यात वाचली." मी स्कॅनर लावला, एकही दोष दिसला नाही. ब्रेकचं तेल बदललं, पॅड पाहिले, मोकळ्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर चालवून आणली. गाडी लोण्यासारखी थांबत होती. मंगळवारी मी त्यांना फोनवर सांगितलं, की गाडीत काहीच नाही, तुमच्या पायाला सवय नसेल. मनात त्याहून वाईट विचार होता. बाईमाणूस आहे, पायात जोर कमी पडत असेल, असं मी समजलो होतो. त्या शांतपणे "बरं" म्हणाल्या. शुक्रवारी सकाळी त्या दोन नर्सना घेऊन, केशकालचा घाट ओलांडून जगदलपूरकडे मुलांच्या तपासणी शिबिराला जाणार होत्या. तो घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

बुधवारी पौर्णिमा होती. गाडी गॅरेजमध्येच होती, मॅडम गुरुवारी नेणार होत्या. रुआबांध्याच्या विहारात सकाळच्या वंदनेला जायचं होतं, आणि मी मोटारसायकल ठेवून ती काळी गाडी काढली. आणखी एकदा चालवून बघतो, असं बायकोला म्हणालो. ती पांढरी साडी सावरत बाजूला बसली आणि म्हणाली, "गाडी मॅडमची आन् रुबाब तुमचा. चाला, लोकायले दाखवून देऊ." मी हसलो, पण तिने बरोबर ओळखलं होतं. मला विहाराच्या फाटकातून त्या गाडीने आत जायचं होतं.

बाजारातून जाताना रिक्षा, गाई, गतिरोधक, दर दहा पावलांवर ब्रेक. विहाराच्या फाटकातून आत थोडा उतार आहे. उतार संपतो तिथे पिंपळाचा पार, आणि पाराशेजारी बायका चपला काढत उभ्या होत्या. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय दगडावर पडला. मॅडमनी सांगितला होता तसाच दगड. पेडल बोटभरही खाली जाईना. गाडी आपली निवांत पुढे चालली होती, पांढऱ्या साड्यांकडे. मी दोन्ही पायांनी पेडलवर उभा राहिलो, एका हाताने पार्किंग ब्रेकचं बटण ओढून धरलं. गाडी पारापासून एका वितीवर थांबली. कोणाला खरचटलंही नाही. बायकोने माझा हात घट्ट धरला होता.

मी इंजिन बंद करायला हात नेला, तेवढ्यात पारावर बसलेला एक म्हातारा माणूस खिडकीशी आला. पांढरा सदरा, खांद्यावर कापडी पिशवी. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. "बंद कावून करता? राहू द्या चालू," ते म्हणाले. "तुमची गाडी हवा खाऊन राहिली. आयकू नाही येत तुमाले?" मला काहीच ऐकू येत नव्हतं. ते गोंदियाचे, रेल्वेत तीस वर्षं मालगाडीच्या डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक होते त्या काळचे फिटर. डोंगरगडला पहाडावर वंदना करून मुलीकडे बिलासपूरला निघाले होते. गाडी पावर हाउस स्टेशनात अडकून चार तास लेट झाली म्हणून उतरले आणि विहार कुठे आहे विचारत इथवर आले. "आमच्या मालगाडीत व्हॅक्यूम गेला का ब्रेक लागे," ते म्हणाले, "तुमच्या गाडीत व्हॅक्यूम गेला का ब्रेक जाते. आवाज मात्र एकच. खाली वाका, पायडल हातानं दाबून धरा, आन् कान लावा."

पेडलला कान लावायचा तर गाडीबाहेर उतरून, जमिनीवर गुडघे टेकून, डोकं पार खाली पायांच्या जागेत घालावं लागतं. अंगावर पांढरे कपडे, भोवती सगळी ओळखीची माणसं, शहरातला नावाजलेला मेकॅनिक मी. एक क्षण मला वाटलं, गॅरेजला नेऊन बघू. पण ते आजोबा माझ्याकडे पाहत उभे होते, जणू स्टेशनवरची गाडी माझी सुटायची होती आणि त्यांची नाही. मी गुडघे टेकले, कपाळ जवळजवळ पायपुसण्याला लागलं, आणि पेडल हाताने दाबून धरलं. तेव्हा ऐकू आलं. अगदी बारीक, न थांबणारं सूं.

आजोबांनी एका बाईकडून पेटलेली उदबत्ती मागून घेतली आणि मला दिली. "दांड्याजवळ धरा." पेडलचा दांडा जिथे आत शिरतो तिथे रबराची टोपी असते. धूर सरळ वर जायचा सोडून वाकला आणि त्या टोपीत शिरू लागला, एकसारखा, संथपणे. "चांगला असता तं एकदा ओढून थांबला असता," ते म्हणाले. "हा ओढूनच राहिला. आतला पडदा फाटला." आपल्या पायाच्या जोराला मदत करणारा एक मोठा पत्र्याचा डबा ब्रेकला असतो, त्याला बूस्टर म्हणतात. त्यात रबराचा पडदा असतो आणि इंजिन त्याच्या एका बाजूची हवा काढून घेत असतं. ती बाजू रिकामी असते म्हणूनच पायाला बळ मिळतं. पडदा फाटला की बाहेरची हवा तिथे घुसते. मोकळ्या रस्त्यावर इंजिनला हवा काढायला सवड मिळत होती, म्हणून मला दोष सापडला नाही. गर्दीत लागोपाठ ब्रेक मारले की डब्यातला जोर संपून जात होता. घाटात दुसरं काय होणार होतं?

वंदना सुरू झाली होती. मी तसाच आत जाऊन मागे बसलो. सगळ्यांनी एका सुरात 'नमो' म्हटलं आणि माझ्या तोंडून तो शब्द निघेना. उस्ताद आठवले. कोणतीही गाडी ब्रेकसाठी आली की ते इंजिन बंद ठेवून पेडल टणक होईपर्यंत दाबायला लावायचे, मग त्यावर पाय ठेवून इंजिन चालू करायला सांगायचे. "पैडल झुका तो समझो अंदर जान है," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी घरी मराठीत सांगताना म्हणायचो, पेडल नमलं पाहिजे. एका मिनिटाची ती परीक्षा मी या गाडीला लावलीच नव्हती, कारण माझ्याकडे स्कॅनर होता. लहानपणापासून रोज 'नमो' म्हणणाऱ्या माणसाला पेडल नमवून बघायचं सुचलं नाही, याची मला फार लाज वाटली. वंदना संपल्यावर आजोबांना शोधलं. ते ऑटोने स्टेशनला गेले होते. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

अंगणातूनच मॅडमना फोन लावला. "मॅडम, मी चुकलो. तुमचा पाय खरा होता." एवढं म्हणायला मला किती वेळ लागला ते मलाच माहीत. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शुक्रवारी मले जाच लागते भाऊ. पोरं वाट पाहून राहिले." गाडी मी माणूस बोलावून ओढत गॅरेजला नेली. कंपनीच्या वर्कशॉपने आठ दिवस सांगितले. मी स्वतः त्याच दुपारी बसने रायपूरला गेलो, चार दुकानं फिरून नवा बूस्टर मिळवला आणि तो खोका मांडीवर घेऊन कुम्हारीमार्गे परत आलो.

गुरुवारी दिवस उजाडताच कामाला लागलो. वायपरखालचं झाकण काढलं, ब्रेकच्या तेलाची टाकी आणि तिच्याखालचा मास्टर सिलिंडर सोडवला. बूस्टरचे नट आतून, पेडलच्या वर. पाय सीटवर आणि डोकं खाली, असा उताणा पडून बोटांच्या टोकांनी चाचपत ते काढले. त्या गाडीत हात शिरायलाही जागा नाही. जुना बूस्टर उघडून पाहिला, तर पडद्याच्या घडीवर नखाएवढी चीर होती. नवा बसवला, पिन घातली, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली. हे काम मी एकट्याने एका दिवसात केलं, आणि याचा मला आजही अभिमान आहे. माझ्या वडिलांनी भट्टीच्या धगीत आयुष्य काढलं ते असले हात घडवायलाच, असं मला वाटतं.

दुपारी इंजिन बंद ठेवून पेडल टणक होईपर्यंत दाबलं. पाय तसाच ठेवला आणि इंजिन चालू केलं. पेडल पायाखाली हळूच खाली गेलं, एखाद्याने मान झुकवावी तसं. मी तिथेच बसून राहिलो. डोळे भरून आले होते, सांगायला लाज कसली.

मॅडम चार दिवसांनी परत आल्या त्या थेट गॅरेजमध्ये. घाट उतरताना एका वळणावर बकऱ्या हाकणारी लहान पोरगी अचानक समोर आली होती. "पाय ठेवला आन् गाडी थांबली," त्या म्हणाल्या. "जोर लावाच नाही लागला." एवढं सांगून त्यांनी चहा मागितला.

हा चमत्कार होता का? गाड्या लेट होतच असतात, आणि जुन्या फिटरचे कान तयार असतातच. वडील असते तर हेच म्हणाले असते, आणि मीही त्याच्यापुढे काही सांगत नाही. एवढंच कळलं, की मी वर्षानुवर्षं तोंडाने शरण जात होतो आणि गुडघे मात्र ताठ होते. डबा आतून रिकामा असेल तरच बळ येतं. माझ्यात हवा भरली होती, ती काढायला कोणी गोंदियाहून आलं. त्या आजोबांचे आभार कुठे मानायचे ते मला माहीत नाही, म्हणून दर पौर्णिमेला त्या पारावर डोकं टेकवतो.

त्या दिवशीच्या पांढऱ्या पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांवर आणि सदऱ्याच्या बाहीवर तेलकट मळाचे काळे डाग पडले. बायकोने तीनदा भिजत घातले, घासले, आणि शेवटी हात टेकले. "कपड्याचा नवा जोड शिवा आता," ती म्हणाली, "असे कपडे घालून विहारात जाणं बरं दिसते का?" मी अजून शिवला नाही. दर पौर्णिमेला तेच कपडे घालतो. कोणी गुडघ्याकडे बोट दाखवून विचारलं, की हे काय लागलं हो, तर मी मोठ्या रुबाबात सांगतो, नमलो होतो एकदा.