भोंगा होईपर्यंत

नीलम्मा नळदुर्गकडची. घरी कानडी, गाडीत मराठी, आणि चिडली की दोन्ही. येडशी-ढोकी एसटीवर ती कंडक्टर आहे. मध्यंतरी तिच्या गाडीत ड्रायव्हरसमोरच्या काचेपाशी एक मोबाइल बसवला. गाडी कुठवर आली ते आपल्या फोनवर निळ्या ठिपक्यानं दिसतं, आणि स्टँडवरच्या कंट्रोलरसाहेबांना गाडीत निरोपही धाडता येतो. "आता लपायची सोय न्हाय बघा वैनी," ती मला हसत म्हणाली होती.

आज रामलिंगाची पूजा आटोपते तोच शेजारच्या शांताक्का धावत आल्या. "मालक घरात न्हाईत! डबाबी न्हाय!"

त्यांचे मालक कल्याणप्पा. उभी हयात ढोकीच्या साखर कारखान्यात गेली. आता त्यांना कालचं आठवत नाही, जुनं तेवढं आठवतं. डबा घेतला म्हणजे कामावरच निघाले. हंगाम संपलेला, कारखाना बंद, चहूकडं ऊन आणि रान. तिथं एकटे उतरले, तर घरचा पत्ताही कुणाला सांगता येणार नाही.

आम्ही येडशीच्या स्टँडवर पळालो. ढोकीची गाडी सुटून गेली होती; साहेबांनी नीलम्माला निरोप धाडला. उत्तर येईना. माझ्या फोनवर ठिपका कारखान्याच्या फाट्याकडं सरकत होता. फाट्यावर तो थांबला. शांताक्कांनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. रामलिंगा, त्या ठिपक्यात तूच बस, म्हटलं.

ठिपका हलला. पण म्हातारा आत का बाहेर? मग नीलम्माचा निरोप आला: "अप्पा गाडीतच हायत. परत घेऊन येते."

ढोकीहून फिरून तो ठिपका एकेक गाव मागं टाकत आमच्याकडं येऊ लागला. मी पापणी हलवली नाही. आणि खरंच, ठिपका स्टँडात शिरला तशी समोर लाल गाडी शिरली!

सगळे उतरले. कल्याणप्पा मांडीवर डबा घेऊन बसलेलेच.

"अहो, उतरा की!" शांताक्का म्हणाल्या.

"भोंगा कुठं झालाय? पाळी सोडून येऊ व्हय?"

नीलम्मानं कपाळाला हात लावला. "फाट्यावर उतराय निघाले, तवा मीच म्हणलं, अप्पा, कुंद्री, बसा. भोंगा होईपर्यंत जागा सोडायची न्हाय. आता बसलेत माझं ऐकून!"

"मग आण भोंगा," ड्रायव्हर रणधीर हसला.

"तुमच्या हाताखाली काय हाय, भाऊ? दाबा की!"

रणधीरनं हॉर्न दाबला तो धरूनच ठेवला. अख्ख्या स्टँडनं कानावर हात ठेवले. कल्याणप्पा उठले, टोपी सारखी केली, पायऱ्या उतरले आणि शांताक्कांच्या हाती डबा दिला.

"आज लई लांबली पाळी."

डबा जडच होता. "जेवला न्हाईत व्हय?" म्हणत शांताक्का तिथंच रडू लागल्या.

नीलम्मानं डबल बेल मारली. घरी येऊन मी फोन देव्हाऱ्यापाशी ठेवलाय. एवढ्याशा निळ्या थेंबात सगळी गाडी बसवून ती पुन्हा ढोकीला निघाली आहे.